रेघेवरचे ड्रम

जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरला, चावी खिशात टाकली आणि मला म्हणाला, "साहेब, नोकरी गेली तरी चालंल. भरलेलं पाणी मी नाय सांडणार."

समोर मी स्वतः आखलेली पांढरी रेघ होती. त्या रेघेवर आम्हाला भिंतीचा पाया खणायचा होता. आणि नेमक्या त्याच रेघेवर मुकुंदवाडीच्या त्या वस्तीतल्या बायकांनी निळे ड्रम मांडले होते. एकाला एक चिकटून, काठोकाठ भरलेले. भरलेला ड्रम दोन माणसांना उचलत नाही, तो आडवाच करावा लागतो. ज्या वस्तीत नळ नावालाच आहे आणि टँकरची वाट बघण्यात निम्मा जन्म जातो, तिथं पाणी ओतून द्यायला कुणाचा हात धजावणार?

मी तेव्हा एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइट इंजिनिअर होतो. एका कंपनीनं वस्तीतल्या मोकळ्या मैदानावर बाग करून द्यायचं ठरवलं होतं. डिझाइन फरीदा मॅडमचं. त्या लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे इमारती सोडून उरलेल्या जागेचा विचार करणाऱ्या. राहायला उस्मानपुऱ्यात. वस्त्यांमधली माणसं त्यांना आपा म्हणायची. गेल्या वर्षी त्या गेल्या. शोकसभेत जो तो त्यांना शांत, मृदू, समंजस म्हणत होता. मला हसू आवरेना. इतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. तो हट्ट कुणाच्या तरी लक्षात राहावा म्हणून हे लिहितोय.

त्यांची एक पद्धत होती. आधी ड्रॉइंग करायच्याच नाहीत. फक्कीची गोणी मैदानात आणून ठेवायच्या. फक्की म्हणजे पांढरी पावडर, पाया आखायला आम्ही ती वापरतो. "तुम्हाला इथं काय पाहिजे ते तुम्हीच आखा," असं लोकांना सांगायच्या आणि बाजूला बसायच्या. मग एकेका रेघेपाशी जाऊन विचारायच्या, ही कशाची?

या आखणीच्या संध्याकाळी मॅडम तापानं घरी होत्या. मी एकटाच. पोरांनी क्रिकेटची पट्टी आखली, म्हाताऱ्यांनी बसायचा कोपरा. शेवंताबाई ही वस्तीतली वजनदार बाई. तिनं चार जणींना घेऊन अख्ख्या मैदानाला एक मोठा लंबगोल काढला. मी खूश. जॉगिंग ट्रॅक! लगेच मोजमाप घेतलं. चार फुटी पट्टा, पेव्हर ब्लॉक, बाहेरून कंपाउंड वॉल, माणूस जाईल एवढं गेट. कडेला रिकामे ड्रम पडले होते, ते एस्टिमेटमध्ये 'अडगळ हलवणे' या सदरात घातले. ही रेघ कशाची, हे काही मी विचारलं नाही. मला कळलंच होतं ना!

कंपनीच्या मॅनेजरसाहेबांना ड्रॉइंग इतकं आवडलं, की मॅडमच्या सहीसाठी ते थांबलेही नाहीत.

मॅडम बऱ्या होऊन आल्या, कागद बघितला आणि मला थेट शेवंताबाईसमोर नेऊन उभं केलं.

"शेवंताबाई, हा गोल कशाचा काढला होता?"

"टँकर वळायचा, आपा. दुसरं काय काढणार?"

"या साहेबांनी तिथं तुम्हाला पळायला रस्ता केलाय."

शेवंताबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, दिवसभर पळतोच की आम्ही. अजून कुठं पळवता?"

बायका खदखदून हसल्या. ती मात्र हसली नाही. "भिंत झाली की टँकर रोडवरच थांबंल. मागं एकदा थांबला व्हता. हंडा घेऊन येताना माझ्या सुनेला रिक्षानं उडवलं. अजून लंगडतीय ती."

मला मान वर करता येईना. लाज वाटली, खरंच वाटली.

त्याच दुपारी आम्ही मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये होतो.

"बागेत ड्रम आणि टँकर?" ते म्हणाले. "मॅडम, उद्घाटनाचे फोटो कसे येतील?"

"ओले येतील."

"भिंत वरून मंजूर झालीय. तुम्हाला जमत नसेल तर दुसरा आर्किटेक्ट बघू."

"जरूर बघा. पण हा कागद माझ्या नावानं फिरतोय, तो मी घेऊन जाते." त्यांनी टेबलावरचं ड्रॉइंग उचललं, घडी घातली आणि पर्समध्ये टाकलं. "त्या बायकांना न विचारता तिथं भिंत बांधेल असा माणूस शोधा आता."

असा माणूस लगेच सापडला. तो मीच होतो. संध्याकाळी माझ्या मालकाचा फोन आला, उद्या पाया खणायला घ्या. मी मुकाट्यानं रेघ आखली. मग मॅडमना आणि शेवंताबाईला फोन करून एवढंच सांगितलं, की सकाळी जेसीबी येतोय. नोकरी सांभाळून जेवढं धाडस करता येतं तेवढं केलं.

सकाळी जेसीबीच्या आधी टँकर आला. शेवंताबाईनं रिकामे ड्रम रेघेवर मांडले आणि टँकरच्या पाइपानं तिथंच भरून घेतले. ही कल्पना तिची. मॅडमना तिनं विचारलंही नव्हतं. मॅडम आल्या, सगळं बघितलं, ओढणी कमरेला बांधली आणि ड्रमच्या रांगेत एक फट राहिली होती तिथं जाऊन उभ्या राहिल्या.

जेसीबीवाल्यानं चावी खिशात टाकल्यावर थोड्या वेळानं मॅनेजरसाहेब आले, सोबत माझे मालक.

"हे ड्रम कधी हलणार?"

"रिकामे झाले की," शेवंताबाई म्हणाली. "अन् रिकामे झाले की आम्ही परत भरणार."

साहेब माझ्याकडे वळले. "जाधव, ओता ते पाणी."

"नाही सर. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

आवाज चिरकला, पण म्हणालो. मालकाच्या देखत म्हणालो.

चार दिवस रांग हलली नाही. पाचव्या दिवशी भिंत रद्द झाली. कंपनीनं हात आखडता घेतला, कारंजं आणि लॉन गेलं. उरल्यासुरल्यात मॅडमनी टँकर वळेल असा मुरमाचा रस्ता केला, ड्रमसाठी ओटा बांधला आणि सांडलेलं पाणी जाईल त्या उतारावर कडुनिंब आणि करंज लावले. त्या कंपनीनं मॅडमना पुन्हा काम दिलं नाही. मलाही महिन्याभरात नारळ मिळाला.

लोकांना विचारून काम करा, असं हल्ली प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये लिहिलेलं असतं. विचारणं सोपं आहे. आलेलं उत्तर साहेबांना आवडलं नाही तरी ते बदलायचं नाही, हे अवघड. त्यात नोकरी जाते. माझी गेली, दुसरी मिळाली. भिंत मात्र आजवर कुणी बांधलेली नाही. बांधायला कुणी आलंच, तर शेवंताबाई अजून तिथंच राहते.