साळवे कंपाउंडरांचा शनी

जाफराबादच्या दवाखान्यात साळवे कंपाउंडर औषधाची बाटली आधी उजेडाकडे धरून बघायचे. तळाशी गाळ नाही अशी खात्री झाली, की मगच रोग्याला द्यायचे. मी तिथे आया होते. नवरा लग्नाच्या वर्षातच गेला, तेव्हापासून माझ्या मागे शनी आहे असे गाव म्हणायचे. सगळ्यांसाठी मी 'ए शांते' होते. साळवे मात्र मला 'शांताबाई, तुम्ही' म्हणत.

दुष्काळ सरल्यावर त्यांनी घड्याळजी आणि चित्रकलेच्या मास्तरांना घेऊन 'आकाश मंडळ' काढले. मंडळात माणसे तीनच. वर्षभर रोज संध्याकाळी साळवे पिंपावर एक जाड काच ठेवून तिच्यावर दुसरी काच घासत. मध्ये पाणी आणि काच झिजवणारी कुरुंदाची पूड. थोडे घासायचे, एक पाऊल सरकायचे, असे पिंपाभोवती फिरत राहायचे.

बायका म्हणायच्या, "कंपाउंडरनं घाणा घातला, अन् बैलबी तोच!"

"तेल निघालं की सांगीन," म्हणत ते फिरत राहायचे. त्यांच्या बोटांची सोललेली कातडी मीच पट्टीने बांधायची. अखेर घासून खोलगट झालेल्या वरच्या काचेला मुलामा चढवून तिचा आरसा झाला, तो पत्र्याच्या नळकांड्यात बसला आणि दुर्बीण तयार झाली.

गावाला आकाश दाखवायचे ठरले. हेडमास्तरांनी शाळेचे पटांगण दिले, पण बजावले, "लोक आले तर दर महिन्याला देऊ. न्हाई तर हा खेळ बंद." साळव्यांनी हौसेने दवंडी दिली : आज शनी दाखवणार. चूक तिथेच झाली.

अंधार पडला तेव्हा पटांगण भरले होते, पण सगळे दुर्बिणीपासून दहा हात लांब. कुणी पुढे येईना.

"ज्याची नजर टाळायला तेल वाहतो, त्याच्या डोळ्याला डोळा लावायचा का?" पाटलांची म्हातारी म्हणाली. "त्यापरीस चंद्र दाखवा की."

अवस जवळ आली होती, चंद्र पहाटेशिवाय दिसणार नव्हता. मागची माणसे उठून जाऊ लागली. साळवे दुर्बिणीवर हात ठेवून उभे होते. आग्रह करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. नेहमीचे वाक्य तेवढे म्हणाले, "आधी बघा, मंग माना."

मी भिंतीशी बसले होते. चारचौघांत पाऊल उचलायची मला सवय नाही. पण वाटले, मला आणखी काय लागायचे राहिले आहे? मी उठले. दुर्बिणीपाशी गेले, वाकले आणि तिथेच धीर सुटला.

"दादा, त्याची नजर पडली तर?"

"शांताबाई, तो तुमच्याकडं बघून न्हाई राह्यला. तुम्ही त्याच्याकडं बघून राह्यल्या."

मी डोळा लावला. मसुरीच्या दाण्याएवढा, पिवळसर, आणि भोवती कडे. थंडीत कुडकुडल्यासारखा थरथरत होता. इतकी वर्षे मी ज्याला भ्यायले, तो एवढासा होता.

"काय दिसलं गं?" म्हातारीने लांबूनच विचारले.

"आजी, त्यानं कडं घातलंय."

"सोन्याचं का चांदीचं?"

"तुम्हीच बघा."

म्हातारी काठी टेकत आली. दवाखान्यात ती साळव्यांच्या हातून बाटली घेत नसे, ओट्यावर ठेवायला लावायची. आता त्यांचाच खांदा धरून ती वाकली.

"अगं बया! नखरेल हाय की मेला!"

मग अशी रांग लागली की हेडमास्तरांनाही आपला नंबर येईपर्यंत उभे राहावे लागले.

पुढे तीन वर्षे दर महिन्याला पटांगण मिळाले. नंतर साळव्यांची बदली झाली. दुर्बीण गोधडीत गुंडाळून ते एसटीत बसले. आता ते हयात नाहीत, असे कळले.

गाव काही एका संध्याकाळी बदलले नाही. हळदीकुंकवाला मला कुणी बोलावत नाही. पण "शांतेच्या मागं शनी हाय" असे कुणी तोंडावर म्हटले, तर मी, जिला वर मान करून बोलता येत नाही, तीही एवढे विचारते,

"मी पाह्यलाय त्याला. तुम्ही पाह्यलाय का?"