हुलसूरचं जहाज

आमच्या मामेसासऱ्यांइतका समुद्राचा जाणकार अख्ख्या बीदर जिल्ह्यात दुसरा नाही. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही, ही किरकोळ बाब सोडली तर. त्यांनी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे कारंजा धरण, तेही बसच्या खिडकीतून. पण त्यांचे वडील महायुद्धात एका इस्पितळी जहाजावर स्ट्रेचर उचलत, आणि ते जहाज मामांनी वारसाहक्काने हुलसूरच्या आपल्या कापडदुकानात आणून ठेवलंय. परकराचं कापड घ्यायला आलेल्या बाईचीही त्यातून सुटका नाही. "नाचघर होतं वो त्याच्यात! साहेबलोक नाचायचे. लढाई लागली अन् त्याच नाचघरात जखमींच्या खाटा पडल्या. अंगाला पांढरा रंग, मधून हिरवा पट्टा, वर लाल क्रॉस!" पुढे लढाई संपते, जहाज म्हातारं होतं आणि भंगारात तोडलं जातं. इथे मामांचा आवाज बसतो. दुकानालाही पांढरा रंग आणि हिरवा पट्टा आहे. क्रॉस तेवढा मामींनी रंगवू दिला नाही, लोक इंजेक्शन मागायला येतील म्हणून.

गावात कोणी आजारी पडलं की मामा जहाजासकट हजर. "तिथं पाय कापलेला माणूस हसायचा, अन् तुम्ही तापाला भ्यायलाव?" शेजारचे अण्णा तर तिसऱ्या भेटीला मामा दारात दिसताच अंगात ताप असताना उठून शेताला गेले. त्याचंही श्रेय जहाजाला मिळालं. मामी मात्र कथा सुरू झाली की दुकानामागच्या स्वयंपाकघरात जात. "चाळीस वर्षं झाली, बुडंना हे जहाज!"

गेल्या वर्षी मामांचं हर्नियात आतडं अडकलं. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी बजावलं, आजच ऑपरेशन झालं नाही तर जीव जाईल. आणि आमचा हा दर्यावर्दी पोट धरून बाकावर बसला, सही करीना. "घरी चला. बरं वाटायलंय मला." ओठ पांढरे पडले होते. मी समजावलं, डॉक्टर रागावले, उपयोग शून्य.

मामी शेजारी येऊन बसल्या. "नाचघर होतं वो त्याच्यात," त्यांनी सुरुवात केली. खाटा, पट्टा, क्रॉस, एक शब्द चुकला नाही. "मग जहाज धक्क्याला लागलं. सगळी माणसं आपापल्या घरला गेली."

"भंगाराचं ऱ्हायलं की," मामा पुटपुटले.

"ते आज न्हाई. सही करा."

मामांनी सही केली.

आता दुकानात जहाज पुन्हा सुरू आहे, पण ते धक्क्याशीच थांबतं. मामीही स्वयंपाकघरात जात नाहीत. कापडाच्या घड्या घालत शेवटपर्यंत ऐकतात. त्या दोघांकडे पाहिलं की मला टिंगल सुचत नाही.