कारवीच्या कळ्या

निसर्गाच्या सहवासात मनाला शांती लाभते, असे मी रोजनिशीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले होते. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी पाहायला मी लोणावळ्याहून औंढ्याच्या डोंगरावर गेलो. पायवाटेशी एक म्हातारी कारवीच्या कळ्या खुडून ओच्यात भरत होती.

"मावशी, देवाला का?"

"देवाला कशापाई? ल्योक लढाईवर गेलाय. कारवी फुलायच्या आत येतो म्हनला. गावातले बाकीचे समदे आले."

"मग?"

"मग काय! फुलूच द्यायची न्हाई. तुमी रिकामेच दिसताय, लागा खुडायला."

मी वही खिशात घातली आणि खुडू लागलो. म्हातारीने डोंगराकडे पाठ केली होती. तो माथ्यापर्यंत जांभळा झाला होता.