विनाशिकेवरून परतलेले मारुतीआण्णा

लेथवर आतून कातलेला पोलादी भाग हातात आला की मारुतीआण्णा डोळे मिटायचे. भोकात बोट फिरवायचे आणि मगच त्या भागाच्या नकाशाकडे बघायचे. "कागूद मागनं, आदी बोट," म्हणायचे. उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात ते सगळ्यात जुने कारागीर. बेळगुंदीहून सकाळी शेताला पाणी पाजून मोटारसायकलवर यायचे. मी बोरगावचा, डिप्लोमा करून नुकताच लागलेला.

नवीन मशीन शिकायला मालकांनी आम्हा दोघांना फ्रान्समध्ये नांतला पाठवलं. रविवारी नदीकाठी एक करडी युद्धनौका दिसली. महायुद्धानंतर तिकडे एकाच घडणीच्या बारा विनाशिका बांधल्या होत्या. त्यांतली ही एकच आता संग्रहालय होऊन उरली होती. आण्णा इंजिनरूममध्ये तासभर रमले. "लई नेटकं काम," एवढंच म्हणाले.

नौका दाखवायला ऐंशीपुढचे एक आजोबा होते. तरुणपणी त्यांनी अशाच दुसऱ्या विनाशिकेवर इंजिन सांभाळलं होतं. वर तोफेपाशी आल्यावर आण्णा मला म्हणाले, "इचार त्येस्नी, गोळा कुणावर पडला ते ठावं हाय का."

मला संकोच वाटला, तरी विचारलं. आजोबा मोडक्या इंग्रजीत म्हणाले, की ते खाली इंजिनपाशी असत. तोफ सुटली की पायाखालचा पत्रा हादरे. गोळा कुठं पडला ते कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. मी ते मराठीत सांगितलं. आण्णांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

परतल्यावर आण्णा मालकांच्या केबिनमध्ये गेले. वर्षभर आपण कातत आलेला पोलादी भाग कशाचा, असं त्यांनी विचारलं. तोवर आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. तोफगोळ्याचा, मालक म्हणाले. नवीन मशीन त्याच कामासाठी होतं, आणि ते सांभाळणाऱ्याला फोरमनची जागा मिळणार होती. आण्णांनी पंपाच्या भागांच्या जुन्या लेथवरच काम द्या म्हणून विनंती केली. मालक रागावले नाहीत. हे आपल्याच फौजेचं काम आहे, असं त्यांनी समजावलं.

"व्हय मालक, कुणीतरी कराय पायजेच," आण्णा म्हणाले. "माझ्यानं न्हाई व्हायाचं."

फोरमनची जागा मला मिळाली आणि मी ती घेतली. पुढची तीन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, आण्णा त्या विषयावर माझ्याशी अवाक्षरही बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी गेटपाशी मीच विचारलं, माझ्यावर राग आहे का.

"राग कशाचा रं? मला ते कळलं आन् झोप लागंना. तुला लागती न्हवं?"

लागते, म्हणालो. त्या दिवसापर्यंत ते खरं होतं.