शेठजींच्या टाळ्या

संपत्तीकर नुकताच लागू झाला होता. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात त्यावर वादविवाद ठेवला होता आणि अध्यक्ष होते गावातले एक कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक शेठजी. बड्या श्रीमंतांवर हा कर हवाच, असं मी त्यांच्यासमोर ठणकावून सांगितलं. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. मी हुरळून घरी आले आणि सगळं सांगितलं. ज्वारी पाखडणारी आई थांबली.

"ज्याले कर भरा लागते, तोच खूश होऊन राहिला? काहून वं?"

मला तिचा रागच आला. पण दिवाळीनंतर जिनिंगच्या फाटकावर नवी पाटी दिसली. मालकी आता एका धर्मादाय ट्रस्टची होती आणि विश्वस्त सगळे शेठजींच्या घरचेच. पाटीचं आणि अशा ट्रस्टला हा कर माफ असल्याचं मी आईला सांगितलं.

"मंग आता कर भरन कोन?" तिनं विचारलं.