सोमवारची भट्टी

युस्टिना टोव्सच्या हातचे झ्वीबाख म्हटले की मोलोच्ना नदीकाठच्या त्या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती गावात पोट भरलेल्या माणसालाही भूक लागायची. लोण्याचा पाव, मोठ्या गोळ्यावर धाकटा गोळा बसवलेला. वरचा गोळा घसरला की सून कामाची नाही, असं ठरवून मोकळ्या होणाऱ्या बायका त्या! युस्टिनाला कुणी कृती विचारली तर ती म्हणे, "आई सांगायची, पीठ मागेल तेवढं लोणी." एवढ्यावर कुणाचंच समाधान व्हायचं नाही.

१९२९च्या त्या शरदात प्रार्थनाघराला कुलूप लागलं आणि बऱ्यापैकी शेती असलेल्या माणसांना सरकार एकेक करून उत्तरेच्या छावण्यांत धाडू लागलं. नवरा कोर्नेलियस म्हणाला, "मॉस्कोला जाऊ. तिथून परदेशी सोडतायत म्हणे. पण कुणाला कळता कामा नये."

म्हणून त्यांनी गाय विकली नाही, खिडक्यांचे पडदेसुद्धा काढले नाहीत. पण शिदोरीशिवाय निघायचं कसं? या लोकांच्या पणज्यांनी देश बदलले ते झ्वीबाखच्या पोत्यांवर. मंद आचेवर पुन्हा कडकडीत भाजले की ते महिनोन्‌महिने टिकतात. युस्टिनाने सोमवारी सकाळीच भट्टीत गोवऱ्या घातल्या. एवढी शहाणी बाई, पण हात जुन्या वळणाने चालले आणि डोकं मागे राहिलं. शनिवारी ताज्या पावाचा वास घरोघरी येतो. भाजक्या पावाचा वास आला की ते घर निघालं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मंगळवारी दुपारी अब्राम रेंपेल दारात उभा राहिला. शेजारचा मुलगा, तिच्याच स्वयंपाकघरात वाढलेला, आता ग्रामसोविएतचा, म्हणजे सरकारी गावपंचायतीचा, अध्यक्ष.

"काय मावशी, आज कसली भट्टी?"

"पाहुणे येणारेत."

"पाहुण्यांना एवढे कडक? दात पाडायचेत का त्यांचे?"

तो हसत टेबलाशी बसला. तिने सवयीने जवाची कॉफी ओतली, आलुबुखाराचा मुरंबा पुढे केला. पाव कॉफीत बुडवून तो डोळे मिटून खाऊ लागला, तेव्हा तिला वाटलं, हा नाही सांगणार.

"अब्राम, हात जोडते तुला. कुणाला बोलू नकोस."

"कालपासून वास येतोय, मावशी. कालच वर कळवलं मी." तो कपात बघत होता. "स्टेशनावर पहारा बसलाय. शनिवारी तुम्हाला न्यायला गाडी येईल. उत्तरेला जाणारी."

ती भट्टी विझवायला वळली.

"विझवू नकोस. होतील तेवढे भाज. तिकडे पाव मिळत नाही."

जाताना त्याने दोन पाव खिशात टाकले. युस्टिनाने घरातलं उरलंसुरलं सगळं पीठ परातीत ओतलं.