अण्णांची वाकडी शिवण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला घरात माणूस नव्हतं, हे एक कारण — पण ते खरं कारण नव्हे. मंगलाक्का होत्या ना, चार घरं पलीकडे. सांगायला हवं होतं ते त्यांनाच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला धीर होतोय.

बंगळुरात, चामराजपेटेत मी एकटा राहायचो. लग्न झालं नव्हतं, होण्याचं लक्षणही नव्हतं. विम्याच्या कचेरीतली नोकरी, खानावळीचं जेवण, आणि रविवार — तो तर खायला उठायचा. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास मी एक जुनी मर्सिडीज घेतली. कूर्गच्या एका कॉफीवाल्याच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं पडून होती. इंजिन ठणठणीत, पण आतल्या सीटा उंदरांनी पार पोखरलेल्या. गल्लीतले म्हणाले, हौसेला मोल नाही. हौस कसली? चार दारांची गाडी असली की कुणीतरी शेजारी येऊन बसेल, एवढंच माझ्या मनात होतं.

बसले ते दत्तू अण्णा, मंगलाक्कांचे यजमान. त्यांनी उभा जन्म गाड्यांच्या सीटा शिवण्यात घालवला होता. शुगरनं डोळे गेले तेव्हा दुकान बंद केलं आणि उंबऱ्यापाशी बसून अक्कांचे तांदूळ निवडायला लागले — बोटांनी. दाताखाली खडा कधी आला नाही, असं अक्का कौतुकानं सांगायच्या. गाडीचं कळल्यावर अण्णा म्हणाले, "तू नुस्तं सामान आण रे. कुठलं ठेवायचं ते मी हात लावून सांगतो."

मग वर्षभर माझे रविवार भरले. सकाळी मी गुजरीत जायचो, म्हणजे मोडीत निघालेल्या सामानाच्या बाजारात. कुठून डॅशबोर्डची लाकडी पट्टी, कुठून दारांच्या मुठी, कुठून अख्खी सीट. सगळं अण्णांच्या मांडीवर. हे रेक्झिन, परत दे. हे बकरीचं कातडं, ठेव. एकदा एका सीटवर हात फिरवून म्हणाले, "हिचा मालक डावीकडं कलून बसायचा. कंबर दुखत असणार." पुढून चेपलेल्या एका गाडीच्या मागच्या सीटचं कातडं मात्र अगदी नव्यासारखं मिळालं. अण्णा हसले. "मागं बसायला कुणी नव्हतं बघ, म्हणून टिकलं." मला ते लागलं, तरी त्यांच्या तोंडून ऐकायला गोडही वाटलं.

ते कातडं मी कापलं आणि पुढच्या दोन्ही सीटांवर अण्णांनी शिवलं. दाभणानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं, हातानं. बोटं किती वेळा टोचून घेतली असतील! खांद्यापाशी शिवण जरा डावीकडं जाऊन परत आली होती. मला ती दिसली. पण मी म्हणालो, झकास झालंय, आणि तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं.

पुढे जुन्या गाड्यांचा शौक असलेली मंडळी एका मैदानावर जमली, तिथं मी गाडी नेली. मोठी माणसं, मोठ्या घरची. त्यांच्यातल्या एकानं शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कुणी शिवलंय, डोळे मिटून? सगळे हसले. मी — मीही हसलो. वर म्हणालो, असाच कुणीतरी गाठला होता.

त्याच आठवड्यात जे. सी. रोडवरच्या एका दुकानात दोन्ही सीटांवर नवं कातडं चढवून घेतलं. मशीनची शिवण, रुळासारखी सरळ. अण्णांचं कातडं तिथंच टाकून आलो. मग त्यांना गाडीत बसवायचं टाळत राहिलो. पण बसवनगुडीची शेंगांची जत्रा आली, आणि अण्णा स्वतःच तयार होऊन दारात उभे राहिले.

गाडी निघाली. त्यांचा हात सवयीनं खांद्यामागं गेला. एकदा, दोनदा, तीनदा शिवणीवरून फिरला.

"ही माझी शिवण नव्हे रे."

सांगता आलं असतं ना तेव्हा? मी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणालो, "तुमचीच आहे, अण्णा. शुगरनं बोटंही बधिर होतात, डॉक्टर म्हणाले नव्हते का?"

त्यांनी शिवण आणखी एकदा चाचपली. मग "सरी, बरं तर," म्हणाले. "डोळे गेले, आता बोटं पण गेली म्हण की." आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. जत्रेत मी त्यांच्या ओंजळीत शेंगा दिल्या, तर म्हणाले, तूच फोडून दे. मी फोडून दिल्या. एकेक दाणा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तांदळाचं सूप अक्कांकडे सरकवलं. म्हणाले, माझ्या हातून खडा राहील. अक्कांनी मला विचारलं, यावर काही औषध असतं का? मी म्हणालो, वय झालं त्यांचं.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मीही स्वतःला तेवढंच सांगत आलो. पण चार-सहा महिन्यांनी गुजरीत ते कातडं मला दिसलं. फुटपाथवर, गोणपाटावर, गंजक्या कार्ब्युरेटरांखाली. मी उकिडवा बसलो, डोळे मिटले आणि शिवणीवर बोट ठेवलं. डोळ्यांना वाकडी दिसलेली, पण टाक्याटाक्यातलं अंतर सारखं. शेवटपर्यंत सारखं. माझं बोट कुठंच अडखळलं नाही.

ते उचलून अण्णांच्या मांडीवर ठेवलं असतं की झालं असतं. त्यांना त्यांची बोटं परत मिळाली असती. मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या — त्याचं काही नाही. पण ते पुन्हा माझ्या गाडीत बसले नसते. आणि मला रविवार हवे होते. मी कातडं घडी करून होतं तिथं ठेवलं आणि घरी जाऊन, आंघोळ करून, अण्णांना फिरायला घेऊन गेलो.

त्यानंतर अडीच वर्षं ते होते. दर रविवारी शेजारी बसायचे, हात मांडीवर ठेवून. बोलणं कमी झालं होतं. मी विचारलं नाही.

ते गेले त्याच्या तेराव्याला मंगलाक्का सगळ्यांदेखत माझ्यापुढे आल्या. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्यांना कशातच गोडी नव्हती. तू होतास म्हणून त्यांचे दिवस गेले रे," आणि त्यांनी मला हात जोडले.

मी तो नमस्कार घेतला.